तिथीची पाऊणपट

रात्री भांडी आवरली की टेबलावर नकाशा पसरते.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, अडकित्ता, चष्म्याचं घर,
आणि समुद्राच्या कोपऱ्यावर
किल्ली हरवलेलं कुलूप.

रेवदंड्यापासून तेरेखोलपर्यंत किनारा
दातांनी तोडलेल्या दोऱ्यासारखा.
जिथे तुटतो तिथे खाडी,
आणि खाडीपाशी मी लाल पेनाने लिहिते, तर.
आगरदांडा, तर. बागमांडला, तर.
दाभोळ, तर. तवसाळ, तर.
तर म्हणजे माणसांना, म्हशींना, सायकलींना
पलीकडे नेऊन सोडणारी होडी.

दीर फोनवर म्हणतात, पंक्चर झालं तर?
वरच्या मजल्यावरच्या बापट काकू, अंधार पडला तर?
लेक नागपूरहून, आई, गुडघा धरला तर?
तेही मी नकाशावर लिहिलंय,
त्याच पेनाने, पाण्याच्या बाजूला.

रास्ता पेठेतल्या ऑफिसात रजेचा अर्ज दिला.
सोळा दिवस. कारण: वैयक्तिक.
निंबाळकर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
देवदर्शन का?
हो म्हटलं. वाटेत देवळं आहेतच.

गंज पेठेत इस्माईल बागवान
माझ्याकडून अकराव्यांदा ट्यूब बदलून घेतात.
डोळे मिटून काढ, म्हणतात, अंधार विचारून येत नाही.
आणि खारा वारा चेन खातो, ताई.
मुक्कामाला पोचलीस की आधी तिला गोड्या पाण्याची आंघोळ,
मग तुला.
पैसे घेत नाहीत. शिकवणी संपू दे, म्हणतात.
मला वाटतं त्यांनाही यायचंय.

रविवारी पहाटे कात्रजचा चढ,
दोन्ही पिशव्यांत मिळून चार विटा, सामानाची तालीम.
चहाच्या टपरीवर एकाने विचारलं,
काय विकताय मावशी?
विटा, मी म्हटलं.
त्याने पिशवीत डोकावून पाहिलं,
शेकडा काय भाव?
मी भाव सांगितला.
महाग आहेत, म्हणाला. पण चहाचे पैसे त्यानेच दिले.

भरतीचं गणित मात्र गणेश पेठेत शिकले,
मासळी बाजारात, द्वारका चोगलेकडे. माहेर हर्णै.
सुरमईचे तुकडे करता करता तिने सांगितलं,
तिथीची पाऊणपट कर.
अष्टमी, आठाची पाऊणपट सहा,
सहाला भरती. मग बाराला दर्या मागे,
वाळू अशी टणक की चाक रुतणार नाही.
कर्द्यापासून मुरूडपर्यंत रस्ता सोड, पाण्याकडेनं जा.
आणि तू किती वर्षं गेली नाहीस, मी विचारलं.
तिने सुरी पुसली.
तिथी मोजते ना रोज, म्हणाली.
बर्फ किती घ्यायचा ते कळतं.

समुद्र मी तीनदा पाहिलाय.
तिन्ही वेळा बसच्या खिडकीतून,
मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं डोकं,
पायाशी डबे, डब्यांत सगळ्यांची भूक.
उतरून पाण्यापर्यंत गेले ती एकदाच,
तेही लेकीची चप्पल वाहून चालली म्हणून.

येताना ओंकारेश्वराच्या पुलावर थांबले.
ही मुठा तिकडे डोंगरात उगवते,
जिथून समुद्र जवळपास हाकेच्या अंतरावर,
आणि त्याच्याकडे पाठ करून निघते.
भीमा, कृष्णा, सगळा मुलूख पार करत
कुठल्या तरी दुसऱ्याच समुद्राला जाऊन मिळते.
बावन्न वर्षं या पाण्याच्या काठी राहून
मला तोच उतार वाटत आला.
ताम्हिणीतून पलीकडेही उतार आहे.
चांगला मोठा आहे,
ब्रेकचे रबर नवे घालायला हवेत.

आज पुन्हा वजन केलं, रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर.
टॉवेल अर्धा कापलाय. दुसरा कप काढलाय,
तो कुणासाठी घेतला होता, आठवत नाही.
तरी अकरा किलो चारशे.
हे वरचे चारशे कुठून येतात?
सगळं पुन्हा फरशीवर मांडलं:
पाने, ट्यूबा, खजूर, औषधं, मेणकापड,
आणि तळाशी कुलूप.
कधी टाकलं मी ते पिशवीत?

टेबलाकडे पाहिलं.
पंखा दोनवर होता,
आणि समुद्राचा कोपरा उचलला जात होता,
पडत होता, उचलला जात होता.